बंद खिडकीतलं मोहोळ: गोव्यातल्या प्रियोळच्या घरातल्या नोंदी

या नोंदी त्या त्या दिवशी वहीत लिहिलेल्या आहेत. टंकताना थोडी भाषा सरळ केली, चुका मात्र तशाच ठेवल्या. ज्यांच्या घरात असंच काही निघालं असेल त्यांनी निदान १२ फेब्रुवारीची नोंद वाचावी आणि त्या रात्री आम्ही केलं ते करू नये.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

मागच्या खोलीत रात्री ट्यूबलाइटखाली सात-आठ मधमाश्या सापडल्या. काल चार होत्या. समोरचा आंबा मोहोरलाय, काजूही फुललाय, म्हणून वाट चुकून आत आल्या असतील असं वाटलं. सासूबाई मात्र आठ दिवस सांगतायत की कपाटामागची भिंत घुमते. आम्ही ते मनावर घेतलं नव्हतं.

आज बाहेरून पाहिलं. घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. त्या खोलीला पूर्वी परसाकडे उघडणारी खिडकी होती. सात वर्षांपूर्वी कपाट केलं तेव्हा बाहेरची लाकडी झडपं लावून घेतली आणि आतून प्लायवूड ठोकलं. झडपांच्या वरच्या कोपऱ्यात बोटभर फट पडली आहे आणि तिथून माश्यांची ये-जा एका रेषेत चालू आहे. मिनिटभर मोजल्या, चाळीसच्या वर आत गेल्या. बऱ्याच जणींच्या मागच्या पायांना पिवळे गोळे होते.

शेजाऱ्यांनी लांबूनच पाहून "आग्या आहे, आजच्या आज मारा" असं सांगितलं. त्यांच्या घरातल्या एकाला पूर्वी माशी चावून श्वास कोंडला होता, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

रात्री साडेनऊला नवऱ्याने झुरळांच्या फवाऱ्याची अर्धी बाटली फटीतून आत मारली आणि मी लगेच पुट्टीने फट बुजवली. काम वीस मिनिटांत झालं. आवाज खूप वाढला, मग कमी झाला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे सहाला दार उघडलं तर खोलीत शेकडो माश्या. बाहेरची वाट बंद झाल्यावर त्यांनी उजेडाची दुसरी वाट शोधली. कपाटाच्या मागून विजेच्या वायरीची नळी गेली आहे, तिच्या भोवतालच्या फटीतून त्या आत आल्या. मुलाला कानामागे एक डंख, मला हातांवर तीन. दिवसभर खोली बंद, दाराखाली ओली चादर. शाळेत रजा टाकली.

डंखाबद्दल लिहून ठेवते. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो आणि त्याच्याबरोबरची विषाची पिशवी आणखी काही वेळ विष सोडत राहते. म्हणून काटा नखाने खरवडून शक्य तितक्या लवकर काढायचा, चिमटा शोधण्यात वेळ घालवायचा नाही. चावलेल्या जागेला वास येतो, पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास बाकीच्या माश्यांना हल्ल्याचा इशारा असतो, म्हणून तिथून आधी दूर व्हायचं. तोंड-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय नकोत, सरळ १०८ ला फोन. मुलाला फक्त कानाला सूज होती, तरी दवाखान्यात दाखवून आणलं.

दुपारी आमचा पाडेली नारळ काढायला आला होता. त्याने झडपांकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "वयनी, बुराक बंद करूं नाकात. तांकां वाट जाय." (भोक बंद करू नका, त्यांना वाट हवी.) त्यानेच लांब कोयत्याच्या टोकाने पुट्टी काढली. तासाभरात खोलीतला त्रास निम्म्यावर आला. वायरीच्या नळीभोवती मी आतून चिकटपट्टी लावली, खोलीतला दिवा बंद ठेवला आणि बाहेरच्या बाजूची छोटी खिडकी उघडी सोडली. उरलेल्या माश्या उजेडाकडे जाऊन संध्याकाळपर्यंत बाहेर पडल्या.

झडपांखाली मेलेल्या माश्यांचा मापटंभर ढीग. त्यात पांढऱ्या, अजून पंख न फुटलेल्या अळ्याही होत्या. त्या जिवंत माश्यांनी ओढून बाहेर टाकल्या होत्या. हे बघायला मला फार जड गेलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आग्या नाहीत हे आज पक्कं कळलं. पाडेल्याने दाखवलं आणि मग मी स्वतः अर्धा तास उभी राहून पाहिलं. ओळखायच्या खुणा अशा:

आग्या माशी अंगाने मोठी. ती उघड्यावर एकच मोठं पोळं लोंबवते: उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीखाली, इमारतीच्या सज्जाखाली. भोकात, भिंतीत, बंद जागेत ती राहत नाही. आग्या असेल तर स्वतः काहीही करायचं नाही, माणसं आणि गुरं लांब ठेवून जाणत्याला बोलवायचं. फुलोरी अगदी लहान, तिचंही पोळं एकच, तळहाताएवढं, झुडपात. तिसरी सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते: झाडाच्या ढोलीत, वारुळात, आणि माणसाने पोकळी दिली तर भिंतीत. आमची ही. पेटीत पाळतात तीही हीच.

शिवाय दोन गैरसमज. गांधीलमाशी म्हणजे मधमाशी नव्हे: तिची कंबर बारीक, अंग गुळगुळीत, घर कागदासारखं, आणि तिचा काटा अडकत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा चावू शकते. वाशाला गोल भोक पाडणारा मोठा काळा भुंगा एकटा राहतो, त्याच्यासाठी कोणाला बोलवायची गरज नाही. आणि झाडावर किंवा कुंपणावर माश्यांचा नुसताच घोस लटकत असेल, पोळं दिसत नसेल, तर ती नवीन जागा शोधणारी टोळी. ती बहुधा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत आपण होऊन निघून जाते. तिला हात लावू नये.

पोळी नेमकी कुठे आहेत हे शोधायची पद्धत साधी निघाली. रात्री कपाट रिकामं केलं आणि प्लायवूडवर तळहात ठेवत गेले. वरच्या बाजूला हातभर जागा स्पष्ट गरम लागली. पिल्लांच्या पोळ्यांभोवती माश्या साधारण ३५ अंश उष्णता राखतात. कान लावला तर तिथेच आवाज सर्वांत दाट.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दोन ठिकाणी विचारलं. कीटकनाशकाचं काम करणाऱ्या एकाने ३,५०० रुपये सांगितले: विष मारू, भोक सिमेंटने बंद करू, भिंत उघडायची नाही. मी विचारलं, आतल्या मधाचं आणि पिल्लांचं काय? त्यावर उत्तर आलं नाही. माश्या मेल्या की पोळ्यांना वारा घालणारं, ती राखणारं कोणी उरत नाही. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, मध भिंतीतून झिरपतो, पिल्लं कुजतात, मागोमाग मुंग्या आणि झुरळं. अर्धी बाटली फवाऱ्यानेच खोलीत कुबट वास सुटला आहे. नको म्हटलं.

दुसरे वाळपईकडचे एक मधपाळ. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न केला, "बाई, फवारा मारलात का?" खरं ते सांगितलं. ते म्हणाले, मग तो मध खायचा नाही, कोणाला द्यायचाही नाही, मेणही नाही. ते पुढच्या रविवारी येतील. मजुरी १,५०० आणि पेट्रोल. पेटी आम्ही घ्यायची.

तोवर आठ दिवस त्या खोलीत कोणी जायचं नाही एवढंच काम.

२५ फेब्रुवारी, रविवार: काढणी

मधपाळ दुपारी सव्वातीनला आले. सकाळी का नाही, असं विचारलं. या वेळेला बऱ्याच कामकरी माश्या बाहेर चरायला असतात, घरात गर्दी कमी. हवा उबदार असल्याने उघडी पडलेली पिल्लं गारठत नाहीत. आणि काम संपतं तेव्हा अंधार पडत आलेला असतो, म्हणजे बाहेरच्या माश्या परतून पेटीत शिरतात.

सामान: पेटी आणि तिच्या आठ चौकटी, धुराडं (माश्यांना धूर द्यायचं भांडं), त्यात जाळण्यासाठी नारळाची सोडणं, पाव कापायची लांब सुरी, कोंबडीचं मोठं पीस, झाकणाची बादली, हात धुवायला पाणी, आणि केळीचे वाक (सोपटाच्या पट्ट्या, बांधायला). वाक मी सकाळीच सोलून भिजवून ठेवले होते. पांढरे, सैल कपडे, बुरखा, पायमोजे विजारीवर ओढलेले. काळे आणि लोकरीचे कपडे नकोत, त्यांवर माश्या जास्त चिडतात.

इथे माझी दुसरी मोठी चूक. मधपाळांचं म्हणणं होतं की बाहेरून झडपं उघडू. बाहेर पायरी मोडलेली, शिडी नीट बसत नव्हती, म्हणून मी आतून प्लायवूड काढायचा आग्रह धरला. स्क्रू काढून फळी ओढली तर पहिलं पोळं फळीलाच चिकटलेलं. ते फाटून खाली पडलं, मध पिल्लांच्या पोळ्यांवर सांडला, त्यात शंभरेक माश्या बुडाल्या. आवाज एकदम बदलला. मधपाळांनी फळी जागेवर टेकवली, पाच मिनिटं धूर दिला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मला एकूण चार डंख.

मग शिडीखाली चिरे लावून बाहेरून सुरुवात केली. झडप उघडण्याआधी त्यांनी मासे धरायचा तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) दोन्ही हातांत ताणून झडपेच्या आतल्या बाजूने वरून खाली ओढला, म्हणजे झडपेला चिकटलेलं मेण कापलं गेलं. मग झडप सहज उघडली, काही फाटलं नाही. आतूनही हेच केलं असतं तर ते पोळं वाचलं असतं. फळी, झडप, छताचा तक्ता, काहीही उघडायचं असेल तर आधी तंगूस फिरवा.

आत सात पोळी. फटीजवळची दोन फवाऱ्याने गेलेली: पिल्लं काळी पडलेली, वास येणारी. बाकीची वाचली कारण फवारा तिथपर्यंत पोचलाच नव्हता. प्रत्येक पोळ्यात वर मध, मध्ये परागाचा पट्टा, खाली झाकलेली पिल्लं. पोळं वरून कापायचं, मधाचा भाग वेगळा करून बादलीत आणि बादलीवर लगेच झाकण. पिल्लांचा भाग चौकटीच्या मापाने कापून आत बसवायचा आणि वाकाने दोन ठिकाणी बांधायचा. मधाचा भाग चौकटीत बांधायचा नाही: तो वजनाने तुटतो, गळतो आणि मुंग्या येतात. पोळं उलटं बांधायचं नाही, कारण पोळ्यातल्या घरांचा (कप्प्यांचा) उतार वरच्या बाजूला असतो. सुतळीपेक्षा वाक बरा. पोळं चौकटीला जुळलं की माश्या तो कुरतडून बाहेर टाकतात.

चार चौकटी झाल्या. पेटी खिडकीच्या पाटावरच, जुन्या फटीला लागून ठेवली. उरलेल्या माश्या पिसाने आणि ओंजळीने पेटीत. राणी काही दिसली नाही. मला धास्ती वाटली, मधपाळ शांत होते. सहाच्या सुमारास पेटीच्या दाराशी दहा-बारा माश्या शेपटाकडचा भाग वर करून पंख फडफडवू लागल्या आणि भिंतीवरच्या माश्या मुंग्यांसारख्या चालत आत जाऊ लागल्या. "राणी आत आहे," ते म्हणाले.

साडेसातला दारावर जाळी लावून पेटी गाडीत. आपल्याच अंगणात ठेवता येत नाही. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरात चरते, तिला तो परिसर पाठ असतो आणि दुसऱ्या दिवशी ती जुन्या फटीवरच परतते. माझं माहेर सावईवेऱ्याला आहे, तिथल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) ठेवली. भाऊ सांभाळणार आहे.

दारावर राणीला अडवणारी जाळी लावली आहे: कामकरी बारीक असल्याने ये-जा करतात, राणी अडते. सातेरीला नवं घर पटलं नाही की ती सगळं टाकून निघून जाते, आणि राणीशिवाय बाकीच्या जात नाहीत.

रात्री विषारी मध आणि ती दोन पोळी परसात हातभर खोल पुरली. उघडी टाकली असती तर आसपासच्या दुसऱ्या मोहोळांनी तोच मध नेला असता.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

चौथ्या दिवशी पेटी उघडली. राणी शोधत बसायचं नाही, अंडी शोधायची. सूर्याला पाठ करून चौकट तिरपी धरली की घराच्या तळाशी पांढरी, तांदळाच्या कणीहून बारीक काडी दिसते. अंडं तीन दिवसच अंडं असतं, मग अळी होते. काढणीला चार दिवस झाले आणि आज अंडी आहेत, म्हणजे राणी आहे आणि घालते आहे. दोन चौकटींत मिळाली. भावाला फोन लावून सांगताना माझा आवाज भरून आला.

रोज संध्याकाळी साखरपाणी, समभाग, पेटीच्या आत वाटीत, वर काड्या टाकून, म्हणजे माश्या बुडत नाहीत. दिवसा किंवा बाहेर ठेवलं तर दुसऱ्या मोहोळाच्या माश्या लुटायला येतात.

३ मार्च, रविवार

भावाचा सकाळी फोन: माश्या पेटीबाहेर गोळा झाल्या आहेत, आत जात नाहीत. धावत गेले. पेटीत हुमले (तांबड्या मुंग्या). स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, तरी कसे आले? आंब्याची एक डहाळी पेटीच्या झाकणाला टेकली होती, तोच त्यांचा पूल. माश्या पळून जायच्या तयारीत होत्या, दारातल्या जाळीने राणी अडली म्हणून थांबल्या. डहाळी तोडली, हुमले झाडून काढले. दुपारपर्यंत माश्या आत. एक चौकट पिल्लांसकट वाया गेली.

पेटीला चारही बाजूंनी हातभर काही टेकता कामा नये. वाळलेलं झावळ पडलं तरी बघायचं.

५ मार्च, मंगळवार

इकडे प्रियोळला दुसरा गोंधळ. काढणीनंतर खिडकीची पोकळी नऊ दिवस तशीच राहिली, मेस्तरी मिळत नव्हता. आज पाहिलं तर लाकडाला राहिलेल्या मेणावर जाळी विणल्यासारखे धागे आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. हा मेणकिडा. खाली मुंग्यांची रांग, प्लायवूडवर मधाचा तपकिरी डाग.

मेण काढणीच्याच संध्याकाळी खरवडायला हवं होतं. आज पत्र्याने खरवडलं, साबणाच्या गरम पाण्याने दोनदा घासलं, वाळल्यावर चुना मारला. साडेचार तास गेले. प्लायवूड टाकून दिलं.

६ मार्च, बुधवार

पेटीच्या दारातली जाळी काढली. गेल्या नाहीत. परागाचे गोळे घेऊन येतायत, बहुतेक माडाच्या पोयींवरून.

१० मार्च, रविवार

खिडकीशी परत माश्या! पंधरा-वीस, झडपांच्या फटीत शिरून बाहेर येतायत, पाय पिवळे नाहीत, रेषेत नाहीत, घुटमळतायत. मधपाळांना विचारलं. जागा शोधणाऱ्या टेहळ्या माश्या. मेणाचा वास इतक्यात जात नाही आणि पोकळी तशीच आहे. फट तात्पुरती डासांच्या जाळीने बंद केली. आत काही वसलेलं नाही हे तळहात आणि कान लावून आधी पाहिलं, मगच. १२ फेब्रुवारीला हे पाहिलं नव्हतं, त्याचेच पुढचे चार आठवडे.

१७ मार्च, रविवार

मेस्तरी आला. झडपं काढली, पोकळी चिऱ्यांनी आणि चुन्याच्या गिलाव्याने भरून काढली, वायरीच्या नळीची तोंडं बंद केली. दोन दिवसांचं काम. घरभर फिरून आणखी दोन जागा सापडल्या: पाणी तापवायच्या यंत्राच्या जुन्या नळीचं भोक, आणि माळ्यावर तक्त्यामागची फट. पेन्सिल शिरेल एवढी फट आणि मागे अंधारी पोकळी, एवढं सातेरीला पुरतं. दोन्हीकडे जाळी लावली.

खर्च: फवारा आणि पुट्टी ३००, दवाखाना ३५०, मधपाळ १,५००, पेट्रोल ४००, पेटी आणि स्टँड २,६००, मेस्तरी आणि सामान ३,१००. एकूण ८,२५० रुपये. शाळेच्या दोन रजा. पहिले ३०० वाचवून थेट मधपाळांना फोन केला असता तर दवाखाना वाचला असता, दोन पोळी वाचली असती आणि मधही खाता आला असता.

१६ जून, रविवार

पाऊस लागल्यावर पेटी बघितली. मध्ये एप्रिलमध्ये सहा चौकटी भरल्या होत्या, आता चारांवर माश्या आहेत. पावसात फुलं कमी, बाहेर पडणं कमी, म्हणून भाऊ आठवड्यातून दोनदा साखरपाणी देतो. रिकाम्या चौकटी काढून घेतल्या, कारण माश्यांनी न झाकलेल्या पोळ्यावर मेणकिडा पहिला बसतो. पेटीवर तिरपा पत्रा टाकला आणि दार पावसाच्या उलट दिशेला फिरवलं. फिरवताना एकदम नाही, रोज वीतभर, म्हणजे माश्यांचा घोटाळा होत नाही.

मध अजून काढलेला नाही, यंदा काढणारही नाही. पुढची पाहणी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी.